वजनकाट्याच्या पलीकडचे मूल

महिन्यातील ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत वजनकाटा निघतो. एकेका मुलाचे वजन होते, सेविका आकडा वाचून नोंद करते, आणि आकडा बरा असला की आई मुलाला कडेवर घेऊन समाधानाने घरी जाते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. वजनाच्या या शिरस्त्याने कुपोषण नजरेस आणून देण्याचे मोलाचे काम केले, याविषयी दुमत नाही. परंतु योजनेच्या नावात शब्द आहे तो ‘विकास’. वाढ किलोत आणि सेंटिमीटरमध्ये मोजता येते. मूल मान कधी धरते, आईकडे पाहून कधी हसते, आवाजाकडे वळते की नाही, एका हातातील खुळखुळा दुसऱ्या हातात घेते की नाही, या गोष्टी काट्यावर उमटत नाहीत. वजन चोख भरलेले मूलही यांत मागे असू शकते.

बहिरेपणाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जन्मतः बहिरे असलेले मूल इतरांसारखेच रडते, हसते, पहिले काही महिने हुंकारही देते. त्यामुळे घरात कोणाला संशय येत नाही. दीड वर्षाचे झाले तरी शब्द फुटत नाही, तेव्हा आजी म्हणते, याचा बापही उशिराच बोलला होता. शेजारीण नवस सुचविते. क्वचित डॉक्टरही ‘तिसऱ्या वर्षापर्यंत वाट पाहा’ असे सांगून मोकळे होतात. या धीर देण्यामागे कोणाचाच वाईट हेतू नसतो. पण भाषा रुजण्याचा काळ तोच असतो आणि तो वाट पाहण्यात निघून जातो. पहिल्या महिन्यात श्रवणाची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास आरंभ, हा क्रम तज्ज्ञांनी घालून दिला आहे. तिसऱ्या वर्षी श्रवणयंत्र मिळालेल्या मुलाला लाभ होत नाही असे नाही, परंतु त्याची मधली वर्षे भरून काढणे फार कठीण जाते.

तपासणीची साधने नाहीत, ही सबबही पुढे करता येणार नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी मूळ अमेरिकन मापनश्रेणी येथील बालकांवर पडताळून भारतीय निकष सिद्ध केले. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या त्या श्रेणीच्या १९९७ च्या सुधारित आवृत्तीत शारीरिक हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. ती वापरण्यास प्रशिक्षित माणूस आणि निवांत वेळ हवा, हे खरे. पण त्याच बडोद्याच्या निकषांतून अवघ्या १७ बाबी निवडून त्रिवेंद्रमच्या बालविकास केंद्राने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक तक्ता केला, तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाच्या वयापाशी पट्टी उभी धरायची आणि पट्टीच्या डावीकडील गोष्टी मुलाला जमतात की नाही ते पाहायचे. टाळ्या वाजविणे, आधाराने उभे राहणे, चिमटीत बारीक मणी उचलणे, दोन शब्द बोलणे अशा त्या साध्या गोष्टी आहेत. पाच-सात मिनिटांत हे काम होते. अंगणवाडी सेविकेला ते अशक्य आहे असे म्हणणे तिचा अधिक्षेप करणे होय.

मात्र हा तक्ता म्हणजे परीक्षेची उत्तरपत्रिका नव्हे, हे शिकलेल्या पालकांनाच अधिक बजावून सांगण्याची गरज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत पाहणी करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार निरोगी मूल आधाराविना चालू लागण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. त्या पाहणीतील ४.३ टक्के मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही पुढे चालली. शेजारच्या मुलाने दहाव्या महिन्यात पाऊल टाकले म्हणून हवालदिल होणाऱ्यांनी हे आकडे जवळ ठेवावेत. दोन महिने आधी जन्मलेले मूल सहा महिन्यांचे झाले तरी त्याच्याकडून चार महिन्यांच्या मुलाचीच अपेक्षा करावयाची असते. शिवाय त्या दिवशी मूल भुकेले, झोपाळलेले किंवा अनोळखी चेहऱ्याने बिचकलेले असेल तर ते काहीच करून दाखवीत नाही. अशा वेळी आईची साक्ष तपासनिसाच्या निरीक्षणाहून अधिक भरवशाची ठरते. तक्त्यावर मागे दिसणे हे निदान नसते, पुन्हा आणि अधिक बारकाईने पाहण्याची ती सूचना असते. हे न ओळखता तीन वर्षांच्या बालकांना रंग आणि आकार विचारून शाळेत घ्यायचे की नाही ते ठरविण्याची प्रथा शहरांत बोकाळली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने शाळाप्रवेशासाठी मुलांना चाळणी लावण्यास मनाई केली, ते योग्यच झाले.

शासनाच्या दप्तरी या विषयाची जाण नाही असे नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. जन्मजात व्यंग, आजार आणि जीवनसत्त्वादिकांची कमतरता यांच्या जोडीला विकासातील विलंब हाही त्यात शोधावयाचा आहे. फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावे आणि संशयित मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावे, अशी ही योजना आहे. पालघरपासून कोसबाड दूर नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेथे आदिवासी पाड्यांवर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली होती. मूल येत नसेल तर शाळेने जावे, हा त्यांचा साधा हिशेब होता. आजची व्यवस्था मुलाला शोधण्यासाठी अंगणापर्यंत येते, पण उपचारासाठी त्यानेच जिल्ह्याच्या गावी यावे अशी अपेक्षा धरते.

अडते ते येथेच. वर्षातून दोनदा येणाऱ्या पथकाला बावरलेल्या मुलात काय दिसणार? रोज पाहणाऱ्या सेविकेला दिसते, परंतु आहार, नोंदवह्या, मोबाइलवरील माहिती आणि नाना सर्वेक्षणे यांतून तिला पाच-सात मिनिटे उरत नाहीत. २०१८ पासून आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी भेट द्यावयाची आहे. या पाच भेटींत तक्ता भरून घेण्याचे काम वेगळ्या मोबदल्यासह तिच्याकडे दिले, तर सेविकेचाही भार हलका होईल. त्यापुढची अडचण मोठी आहे. दूरच्या पाड्यावरून जिल्ह्याच्या गावी जाण्यास दोन एस. टी. बदलाव्या लागतात, आईची दिवसाची मजुरी बुडते, धाकटे मूल शेजारी ठेवावे लागते. आणि वाचा-उपचार किंवा व्यायाम हे एका खेपेत संपणारे काम नसते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती आली नाही की ‘पालकांचे सहकार्य नाही’ असा शेरा पडण्यास वेळ लागत नाही. तेव्हा मातेला प्रवासभाडे आणि बुडालेली मजुरी मिळावी, आणि वाचा-उपचारतज्ज्ञ व भौतिकोपचारतज्ज्ञ यांनी आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात बसावे. एवढे झाल्याखेरीज जिल्ह्याच्या केंद्रातील खोल्या वाढवून पाड्यावरच्या मुलाला त्याचा उपयोग होणार नाही.