अर्धं तिकीट, अख्खी रिक्षा

‘‘अंबड एमआयडीसी? अडीचशे होतील ताई. येताना रिकामं यावं लागतं आम्हाला.’’

२०२३ च्या पावसाळ्यात नाशिकच्या महामार्ग बसस्थानकाबाहेर मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. एका हातात नमुन्यांची पिशवी, दुसऱ्यात छत्री, खांद्यावर पर्स. साडेअकराची वेळ दिलेली आणि घड्याळात अकरा वाजून गेलेले. मुकाट्याने बसले. चांदवडपासून नाशिकपर्यंतचे ६५ किलोमीटर मी एसटीच्या अर्ध्या तिकिटात आले होते आणि पुढच्या सहा-सात किलोमीटरना त्याच्या चौपट मोजणार होते! रिक्षात बसल्या बसल्या मनात हिशेब सुरू झाला. हातमोज्यांच्या एका जोडीमागे मला दोन रुपये सुटतात. म्हणजे सव्वाशे जोड्या गेल्या. आणि अजून कंपनीचं फाटकही दिसलेलं नव्हतं.

आम्ही चौघीजणी मिळून चांदवडला शिवणकाम करतो. ब्लाउज-परकर नव्हे, कारखान्यातल्या कामगारांना लागणारे सुती हातमोजे आणि ॲप्रन. गिऱ्हाईक म्हणजे अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतले छोटे-मध्यम कारखाने. महिन्यातून दोनदा तरी कुणाला तरी जावंच लागतं. नमुना दाखवायला, माल पोचला की चलनावर सही घ्यायला आणि मुख्य म्हणजे पैसे वसूल करायला. वसुली फोनवर होत नाही, हे धंदा करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. समोर जाऊन बसावं लागतं.

आधी हे काम माझे दीर करायचे. मोटारसायकल काढायची, सकाळी जायचं, दुपारी परत. पण भाऊजी परत आले की हातात चेक नसायचा. ‘‘वहिनी, पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले.’’ कापडाचा पोत, शिलाई, माप यातलं त्यांना काही विचारलं की तेही अडखळायचे. म्हणून मी जायचं ठरवलं. पहिल्या दिवशी चेक घेऊन आले, नवीन ऑर्डरही आणली. रात्री जेवणं झाल्यावर हे शांतपणे म्हणाले, ‘‘तू गेलीस तर आठशे रुपये. तो गेला तर पेट्रोलचे तीनशे. आता तूच सांग.’’

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. हिशेब बरोबरच होता. जाता-येता रिक्षाचे पाचशे, हायवेवरच्या हॉटेलात थाळीचे एकशे ऐंशी आणि एसटीचे. मला राग आला तो हिशेब बरोबर होता याचाच.

मैत्रिणींनो, आपल्यासारख्यांचं बाहेरचं काम बहुतेक वेळा असंच सुटतं. ‘जाऊ नकोस’ असं आता फारसं कुणी म्हणत नाही. ‘परवडत नाही’ म्हणतात. आणि परवडत का नाही, याचा शोध कुणी घेत नाही. मोटारसायकलवरचा पुरुष थेट कंपनीच्या फाटकापर्यंत जातो. बाई स्टँडवर उतरते आणि तिथून तिचा खरा प्रवास सुरू होतो. त्या सहा-सात किलोमीटरचं कुणाच्या हिशेबात काही नसतं.

मी मात्र हट्टाला पेटले. त्या आठशेतले निम्मे तरी काढून दाखवायचेच!

पहिली अक्कल शिकवली एका एसटीच्या कंडक्टर ताईंनी. त्यांना मी सहज बोलता बोलता रिक्षाचं गाऱ्हाणं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, घोटी-इगतपुरीकडे जाणारी साधी गाडी मिळाली तर पाथर्डी फाट्याला उतरता येतं का विचारा. तिथेही तुमचं अर्धंच तिकीट.’’ कित्ती साधी गोष्ट! पण मला कशी सुचणार? आमच्या डोक्यात एसटी म्हणजे गावाहून शहरात येण्यासाठी. शहरातून पुढे जायलाही तीच चालते, हे कधी मनातच आलं नव्हतं. आता चौकशी करून बसते. गाडी नसेल तर सिटीलिंक. नाशिकची शहर बस आधी एसटी महामंडळच चालवायचं, जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक आली. अंबडकडे ती जाते. फक्त तिची वेळ आणि माझी वेळ यांचं नेहमी जमतंच असं नाही. एखाद दिवशी उभं राहून राहून पाय मोडतात.

फाट्यावर उतरलं की सीटवर बसवणारी रिक्षा बघायची. एकटीने अख्खी रिक्षा करायची नाही, हा माझा नियम. आणि करावीच लागली तर आधी मोबाइलवरच्या ॲपमध्ये भाडं किती दाखवतंय ते बघून घ्यायचं. बोलवायची नसली तरी आकडा कळतो. मग ‘अडीचशे’ ऐकल्यावर आपला चेहरा पडत नाही. मीटर? नाशिकमध्ये मी तरी माझ्यासाठी कुणी मीटर टाकलेलं पाहिलेलं नाही. सांगायचं सोडूनच दिलं होतं, आता पुन्हा सांगायला लागले आहे. कुणी टाकत नाही, पण चाळीसेक रुपये कमी होतात!

दुसरी अक्कल मात्र माझी मलाच आली, आणि तिचं मला अजून हसू येतं. परचेसचे साहेब नेहमी वेळ द्यायचे ती त्यांच्या सोयीची, दुपारी चारची. चारला भेट म्हणजे बाहेर पडायला साडेपाच. तेव्हा कारखान्यांची पाळी सुटते, रिक्षा भरून वाहतात, अंधाराच्या आत घरी पोचायचं म्हणून मी हात दाखवेल ती रिक्षा करायची. वर्षभर हे असंच चाललं. एक दिवस धीर करून म्हटलं, ‘‘साहेब, मला साडेअकराची वेळ चालेल का? बाहेरगावाहून येते.’’ ते म्हणाले, ‘‘हो, मग आधी का नाही सांगितलंत?’’ झालं! वर्षभरातली प्रत्येक महागडी रिक्षा त्या क्षणी डोळ्यांपुढून गेली. आपण बायका माल चोख देतो, भाव कमी करून देतो, पण स्वतःच्या सोयीची वेळ मागताना आपली जीभ रेटत नाही.

आता थोडं सरकारबद्दल. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना सरसकट निम्मं तिकीट झालं, ही फार मोठी गोष्ट आहे. त्यावरून विनोद झाले, बायका उगाच फिरायला लागल्या असंही लोक बोलले. बोलेनात! जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हाही या सवलतीनेच आमचा धंदा तगला. पण माझं म्हणणं असं की, ही सवलत लांबच्या प्रवासाची आहे आणि आमची खरी लूट होते जवळच्या प्रवासात. तामिळनाडूने २०२१ मध्ये बरोबर उलटं केलं. तिथे महिलांना मोफत प्रवास दिला तो साध्या शहर बसमध्ये, म्हणजे रोज कामाला जायच्या-यायच्या गाडीत. कर्नाटकाने जून २०२३ मध्ये दिला तो राज्याच्या गाड्यांत आणि बंगळूरच्या शहर बसमध्येही. फुकटच हवं असा माझा हट्ट नाही. उलट मला विचाराल तर तिकीट पूर्ण घ्या, पण पाळी सुरू होते आणि सुटते तेव्हा आणि मध्ये अकरा-बाराच्या सुमाराला वसाहतीच्या आतपर्यंत जाणारी बस खात्रीने असू द्या. बस फाट्यावर सोडून देते आणि पुढे ऊन, ट्रक आणि फूटपाथ नसलेला रस्ता. हातात माल असताना ते वीस मिनिटं चालणं काय असतं, ते ज्याने वेळापत्रक केलं त्याने एकदा चालून बघावं.

आणि खाणं! यावर तर वेगळा लेख होईल.

नाशिक म्हटलं की मिसळ. पाहुण्यांना आपण कौतुकाने खायला घालतो. तर्री, पापड, दही, कुठे वर जिलेबी, पाव मागाल तेवढे. पोटभर आणि थाळीपेक्षा स्वस्त. मीही पहिल्या काही खेपांना मिसळच खाल्ली. पण कामाच्या दिवशी मिसळ आपल्याला महागात पडते. का? तर तिच्यावर पाणी लागतं. आणि पाणी प्यायलं की पुढचा प्रश्न आलाच. वसाहतीत बाहेरून आलेल्या बाईने जायचं कुठे? कंपनीत विचारायला संकोच वाटतो. एकदा एका ठिकाणी विचारलं, तर वॉचमनने आत बोट दाखवलं, तिथे सगळे पुरुषच. परत फिरले. तेव्हापासून कितीतरी खेपा मी सकाळी सातच्या चहावर काढल्या आहेत. संध्याकाळी घरी आल्यावर डोकं धरून बसायचे आणि वाटायचं, उन्हाने झालं. उन्हाने नव्हे, न प्यायलेल्या पाण्याने! नाशिकमध्ये सध्या २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची, पुलांची कामं निघाली आहेत. भाविकांची सोय व्हायलाच हवी. पण त्यातलं एखादं स्वच्छतागृह अंबडच्या एखाद्या कोपऱ्यावर कायमचं उभं राहिलं, तर तिथल्या बायका त्या कंत्राटदाराला दुवा देतील.

डबा नेत जा, असं सगळ्या जणी सांगतात. नेते ना! पण तो उघडायचा कुठे? झाडाखाली बसून पोळी-भाजी खाणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात, ते जिने खाल्ली तिलाच विचारा. हॉटेलात जावं तर ‘फॅमिली रूम’मध्ये पाठवतात. एकटी बाई म्हणजे कुठली फॅमिली? आणि तिथे बसलं की चहा-पोह्यांवर भागत नाही. वेटर थाळीच पुढे करतो.

एक मधला काळ बरा होता. २६ जानेवारी २०२० ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. मी नाशिकमध्येच जेवले आहे. रांगेत बहुतेक पुरुष असायचे, पण ताट स्वच्छ आणि वरण गरम. तिथे जेवायला लाज वाटली नाही का, असं माझ्या जाऊबाईंनी विचारलं होतं. अहो, हायवेवर एकशे ऐंशी देऊन गार भाजी खाल्ली तेव्हा जास्त लाज वाटली होती!

खरा मार्ग सापडला तो सिडकोत. एका कारखान्यातल्या पॅकिंगच्या मुलीने सांगितलं, ‘‘मावशी, आमचे डबे एक काकू देतात, त्यांच्याकडे बसूनपण जेवता येतं.’’ गेले. रो-हाउसचा पुढचा व्हरांडा, दोन टेबलं, एक मोठा माठ. दोन पोळ्या, उसळ, भात-आमटी, ऐंशी रुपये. काकू घरच्यांसारखं वाढतात आणि मुख्य म्हणजे जेवण झाल्यावर मला न विचारता आतल्या बाथरूमचा दिवा लावून देतात. बाईची गरज बाईला कळते म्हणतात ती अशी. त्या दिवशी मी दोन तांबे पाणी प्यायले.

मुंबईच्या गिरणगावात खोल्या-खोल्यांतून कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या होत्या. सावकाराच्या व्याजात बुडालेल्या त्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ते जेवणारे होते गिरणीतले पुरुष. आज अंबड-सातपूरला मशिनवर, पॅकिंगला, ऑफिसात मुली आहेत, माझ्यासारख्या बाहेरगावाहून येणाऱ्या आहेत. मग प्रत्येक वसाहतीत बायकांनी चालवलेली, बायकांना निवांत बसता येईल अशी एकेक खाणावळ का असू नये? बचत गटांना पापड-लोणचीच का करायला लावायची? प्रदर्शनात वर्षातून चार दिवस स्टॉल मांडण्यापेक्षा वर्षभर रोज पन्नास ताटं जाणं केव्हाही बरं. वसाहतीतला एखादा रिकामा गाळा वाजवी भाड्याने दिला, नळ आणि स्वच्छतागृह दिलं, की पुढचं बायका बघून घेतील. मोठ्या कंपन्या समाजकार्यासाठी पैसा काढून ठेवतात, त्यातून हे सहज होण्यासारखं आहे.

तोवर आपलं आपण. माझी खेप आता साडेतीनशेच्या आत बसते. यांना मी वहीतला आकडा दाखवला, तेव्हा ते काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या वेळी सकाळी मला स्टँडवर सोडायला आपणहून गाडी काढली.

येत्या गुरुवारी मात्र मी जाणार नाहीये. आमच्यातली सर्वांत धाकटी, जी आजवर नाशिकला फक्त लग्नाच्या खरेदीला गेली होती, ती एकटी जाणार आहे. जुन्या चलनाच्या पाठीमागे मी तिला सगळं लिहून दिलंय. कुठली गाडी, फाट्यावर कुणाला विचारायचं, सीटचे किती द्यायचे, काकूंच्या घराची खूण. तिने कागद वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, ‘‘ताई, पण मिसळ?’’

म्हटलं, ‘‘चेक हातात आल्यावर. आणि काकूंच्या घराजवळची.’’