टाके कोणाचे, नफा कोणाचा?

पोटावर मोठा छेद न घेता तीन-चार लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या साहाय्याने केलेली शस्त्रक्रिया आज शहरांतून रूढ झाली आहे. आतडे कापताना शल्यविशारदाची भिस्त असते ती स्टेपलर या उपकरणावर. सुमारे बारा मिलिमीटरच्या छिद्रातून आत गेलेले हे यंत्र कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या बारीक टाचण्यांच्या रांगा बसवते आणि मधून पाते फिरवते. रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो. या प्रगतीचे स्वागतच केले पाहिजे; परंतु तिचा इतिहास आणि हिशेब श्रमिक जनतेने तपासून पाहिला पाहिजे.

असे पहिले यंत्र १९०८ साली बुडापेस्ट येथे ह्यूमेर ह्युल्टल यांनी वापरले. ते जड आणि किचकट होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने हा प्रश्न सार्वजनिक संशोधनाच्या बळावर हाती घेतला. मॉस्को येथे शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी सरकारी संस्था उभी राहिली. रक्तवाहिन्या, फुप्फुस, जठर यांसाठी वेगवेगळी यंत्रे तेथे सिद्ध झाली. १९५८ साली सोव्हिएत संघास भेट देणारे अमेरिकन शल्यविशारद मार्क रॅविच यांनी ही यंत्रे पाहिली व त्यांतील एक ते मायदेशी घेऊन गेले. १९६४ साली अमेरिकेत याच वस्तूच्या व्यापारासाठी कंपनी स्थापन झाली.

सोव्हिएत यंत्रात टाचण्या हाताने भराव्या लागत. अमेरिकन कंपनीने भरलेली काडतुसे दिली. ही सोय खरी होती. पण काडतूस एकदा वापरून फेकायचे. प्रत्येक वारास नवे काडतूस, म्हणजे रुग्णाच्या बिलात नवी भर!

आता सुरक्षिततेचा प्रश्न घ्या. टाचणी नीट मिटली नाही तर रक्तस्राव होतो, आतड्यातील घाण पोटात झिरपते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली जाहीर केले की, २०११ पासून मार्च २०१८ पर्यंत अशा उपकरणांबाबत ४१ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्यांत ३६६ मृत्यूंच्या होत्या. प्रत्येक मृत्यूचा दोष यंत्राचाच, असे यावरून सिद्ध होत नाही. पण यांतील बहुसंख्य बिघाडांच्या नोंदी कंपन्यांना दिलेल्या खास सवलतीमुळे वर्षानुवर्षे जनतेच्या दृष्टीआड राहिल्या. एकट्या २०१६ साली उघड नोंदी शंभराहून कमी होत्या. दडलेल्या नोंदी दहा हजारांच्या घरात! गवगवा झाल्यानंतरच ती सवलत रद्द झाली आणि २०२१ साली ही उपकरणे अधिक कडक नियमांखाली आणण्यात आली.

आपल्या देशात उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा सरकारी कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. कागदावर हे ठीक आहे. परंतु आपल्या पोटात कोणते उपकरण वापरले गेले, त्याची मूळ किंमत काय आणि त्याविषयी तक्रारी किती, हे रुग्णाला कोण सांगतो?

म्हणून मागणी स्पष्ट असावी. अपायांच्या नोंदी उपकरणवार प्रसिद्ध कराव्यात. काडतुसांची संख्या व दर बिलात स्वतंत्र दाखवावेत. हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत २०१७ साली सरकारने ठरवली; तोच न्याय येथेही लावावा. आणि सार्वजनिक संशोधनसंस्थांना स्वस्त, भरवशाचे उपकरण घडविण्यासाठी पैसा द्यावा. जे एकदा सार्वजनिक संस्थेत घडले, ते पुन्हा घडू शकते.