फेरविचार की कालहरण?

इंग्रजी भाषेतील काही शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात इतके रुळून गेले आहेत की, त्यांचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची कोणास गरजच भासत नाही. ‘रीकन्सिडर’ हा त्यांपैकीच एक शब्द होय. सरकारी पत्रव्यवहारात तो मूळ वेषात येतो. वर्तमानपत्रांत ‘फेरविचार’ किंवा ‘पुनर्विचार’ असा मराठी पोशाख करून येतो. आणि सभेत एखादा मंत्री ‘या योजनेचा आम्ही फेरविचार करू’ असे म्हणाला की टाळ्यांचा कडकडाट होऊन मंडळी समाधानाने घरोघर जातात. शब्द सौम्य आहे, विनयशील आहे, आणि म्हणूनच त्याची झडती कोणी घेत नाही. ती घ्यावी, असे आम्हांस वाटते. कारण जो शब्द निर्णय करणाऱ्याच्या अंगावर एक कर्तव्य टाकतो, तोच शब्द आपल्याकडे निर्णय सोसणाऱ्याचे तोंड बंद करण्याच्या कामी लावला जात आहे, आणि त्याची किंमत मावळ प्रांताने जेवढी मोजली आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणी मोजली असेल.

प्रथम शब्दाकडे वळू. ‘कन्सिडर’ या क्रियापदाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा संबंध व्युत्पत्तिकार ताऱ्यांशी जोडतात. ग्रहताऱ्यांकडे लक्षपूर्वक पाहणे, हा त्याचा आद्य अर्थ असावा असे ते सांगतात. त्याला ‘री’ हा उपसर्ग लागला की, एकदा पाहिलेल्या गोष्टीकडे पुन्हा तितक्याच लक्षपूर्वक पाहणे, असा अर्थ सिद्ध होतो. पण शिष्ट इंग्रजीत एवढ्यावर भागत नाही. जो इंग्रजी लेखक हा शब्द जाणून वापरतो, तो त्यात आणखी एक गोष्ट गृहीत धरतो: पूर्वीचा निर्णय बदलण्याची मनाची तयारी. निर्णय बदललाच पाहिजे असे नव्हे. फेरविचारान्ती पहिलाच निर्णय कायम ठेवणे हेही ‘रीकन्सिडर’ या शब्दात बसते. परंतु बदलाचे दार उघडे नसेल, तर तो शब्द वापरणे हा अप्रामाणिकपणा होय.

आमच्या विद्यार्थ्यांच्या लेखनात या शब्दाचे दोन अपप्रयोग नेहमी आढळतात. एक ‘रीकन्सिडर अबाउट’ आणि दुसरा ‘रीकन्सिडर अगेन’. पहिल्यात शब्दयोगी अव्यय फुकट जाते, कारण हे क्रियापद आपले कर्म थेट घेते. दुसऱ्यात ‘पुन्हा’ हा अर्थ दोनदा येतो. मराठीत ‘पुन्हा फेरविचार’ म्हणणाऱ्यांचेही तसेच होते. व्याकरणाच्या दृष्टीने हे दोष किरकोळ आहेत. पण आमच्या राज्यकारभारात ते जणू धोरण होऊन बसले आहेत. तेथे निर्णयाला थेट हात न लावता त्याच्या ‘अबाउट’ पुष्कळ बोलले जाते, आणि एकदाही न झालेला विचार ‘अगेन’ करण्याचे आश्वासन दिले जाते.

मराठी शब्दाची कथा याहून बोधप्रद आहे. ‘विचार’ हा शब्द ‘चर्’ या धातूपासून आलेला. चर् म्हणजे चालणे, हिंडणे. ‘वि’ या उपसर्गाने ते हिंडणे चहूकडचे होते. इंग्रजी शब्द माणसाला मान वर करून आकाशाकडे पाहावयास सांगतो, तर संस्कृत शब्द त्याला पायी चालावयास लावतो. शब्दाचे मूळ आणि त्याचा आजचा अर्थ एक नसतात, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि हे मूळ येथे विसरण्यासारखे नाही. पवनेच्या खोऱ्यातील जमिनीचा विचार मुंबईच्या कचेरीत नकाशा पसरून होतो तेव्हा त्यास ‘कन्सिडरेशन’ म्हणता येईल कदाचित. त्यास विचार म्हणवत नाही.

या शब्दाचे जे सगेसोयरे आहेत त्यांच्यातही भेद केला पाहिजे. निर्णय पुढे ढकलणे वेगळे, मागे घेणे वेगळे, तपासणे वेगळे आणि त्याचा फेरविचार करणे वेगळे. आमच्या राज्यघटनेने हा भेद उत्तम राखला आहे. कलम १११ अन्वये राष्ट्रपती, धनविधेयक सोडून, एखादे विधेयक संसदेकडे फेरविचारार्थ परत पाठवू शकतात. संसदेने ते सुधारून अथवा जसेच्या तसे पुन्हा संमत केले, तर मात्र त्यांना संमती रोखता येत नाही. फेरविचार कोणी करावयाचा, कशाचा करावयाचा आणि तो झाल्यावर काय घडावयाचे, हे तेथे स्पष्ट आहे. कलम १३७ प्रमाणे सर्वोच्च न्यायालय आपल्याच निवाड्याकडे पुन्हा पाहते ती गोष्ट निराळी. तिला इंग्रजीत ‘रिव्ह्यू’ म्हणतात आणि तिची कारणे फार मर्यादित असतात. आमची वर्तमानपत्रे मात्र तिलाही ‘फेरविचार याचिका’च म्हणतात. एकाच पिशवीत इतके जिन्नस कोंबल्यावर त्यातून वेळेला नेमके काय बाहेर येईल, याची शाश्वती कोणी द्यावी?

तेव्हा खऱ्या फेरविचाराची लक्षणे तीन, असे आम्ही म्हणतो. ज्या गोष्टीचा फेरविचार व्हावयाचा ती अद्याप हातची गेलेली नसावी. जो करावयाचा त्याला निर्णय बदलण्याचा अधिकार आणि तयारी असावी. आणि त्याचा निकाल कारणांसह, ठरल्या मुदतीत जाहीर व्हावा. या तीन कसोट्या घेऊन आता मावळात उतरू.

लोणावळ्यास जाणारा प्रवासी वळवण, लोणावळा, शिरवटा येथील जलाशय पाहून सृष्टिसौंदर्याची तारीफ करतो. ते जलाशय सृष्टीने केलेले नाहीत. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी घाटमाथ्यावर पाणी अडविले, ते खाली खोपोलीस सोडले, आणि १९१५ साली तेथील वीजगृह चालू झाले. पुढे आंदर मावळात ठोकरवाडीचे धरण झाले व १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह उभे राहिले. तिसरी योजना मुळशीची. निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून पन्नासांच्या आसपास गावे पाण्याखाली घालावयाची ती योजना. या वेळी मात्र मावळ्यांनी ‘नाही’ म्हटले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रहास प्रारंभ झाला. धरणाचे काम थांबले.

काम थांबले, म्हणजे फेरविचार झाला काय? पहिल्या कसोटीस ते महिने उतरले असते. गावे अजून कोरडी होती, भात अजून पिकत होते. पण धरण व्हावे की न होऊ नये, हा प्रश्न त्या अवधीत निर्णय करणाऱ्यांच्या पुढे खुला नव्हताच. खुला होता तो मोबदल्याचा. ज्यांची नावे कागदावर होती अशा सावकार-जमीनदारांपैकी अनेकांना मोबदल्याची भाषा पटली. जे स्वतः नांगर धरीत होते त्यांच्यापाशी बोलावयास ती भाषाच नव्हती. वर्षाच्या अखेरीस काम पुन्हा चालू झाले. पांडुरंग महादेव बापट यांनी लढा चालू ठेवला, तुरुंगवास पत्करला, आणि त्या लढ्यातून ‘सेनापती’ ही पदवी घेऊन ते बाहेर आले. १९२४ साली लढा संपला. १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह चालू झाले. तो विराम फेरविचाराचा नव्हता, दम घेण्याचा होता. आणि दम घेतला तो बलवानाने.

त्या काळच्या कायद्याकडे पाहिले म्हणजे याचे नवल वाटत नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात, जमीन घ्यावी की नाही याविषयी शेतकऱ्याची हरकत ऐकण्याची तरतूदच प्रथम नव्हती. ती ‘५अ’ या कलमाने आली १९२३ साली, म्हणजे मुळशीचा सत्याग्रह सुरू होऊन दोन वर्षे लोटल्यावर. आणि ती आल्यावरही तातडीच्या कलम १७ ने ती टाळण्याची वाट मोकळी ठेविली होतीच. गंमत अशी की, त्याच कायद्याच्या कलम ४८ ने, जमिनीचा ताबा घेतला नसेल तोवर संपादनातून माघार घेण्याची मुभा सरकारला दिली होती. म्हणजे शेतकऱ्याच्या म्हणण्याला कायद्यात जागा मिळण्यास एकोणतीस वर्षे लागली. सरकारच्या माघारीला मात्र पहिल्या दिवसापासून जागा होती. जागा होती, पण तेथे जाऊन बसण्याची हौस कोणास नव्हती.

आता अलीकडची गोष्ट. पवना धरणाचे पाणी नदीतून सोडावयाचे आणि रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलून पिंपरी-चिंचवड शहरास पुरवावयाचे, ही चालत आलेली व्यवस्था. तिच्याऐवजी धरणापासून शहरापर्यंत बंद नळ टाकण्याची योजना महापालिकेने आखली. शहराचे म्हणणे होते की, वाटेतली गळती आणि घाण टळेल. शेतकऱ्यांचे म्हणणे होते की, नदीचे वाहते पाणी आटेल, काठच्या विहिरी व उपसा बुडेल, आणि धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचा जुना हिशेबच अजून चुकता नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होते, आणि नेमक्या अशाच वादासाठी फेरविचार नावाची गोष्ट असते. ती झाली नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. एक स्त्री व दोन पुरुष प्राणास मुकले.

त्यानंतर योजनेला स्थगिती मिळाली. लोकांनी तिला फेरविचार मानले. सरकारने तो समज दूर केला नाही. एक नव्हे, दोन नव्हे, बारा वर्षे ‘जैसे थे’ चालले. या बारा वर्षांत योजना रद्द झाली असे कोणी म्हटले नाही, आणि ती अमुक कारणासाठी योग्यच आहे असेही लोकांपुढे येऊन कोणी सिद्ध केले नाही. २०२३ साली स्थगिती उठविण्याचा आदेश निघाला तेव्हा मावळात पुन्हा संताप उसळला, यात आश्चर्य ते काय? बारा वर्षांत न शेतकऱ्याला अभय मिळाले, न शहराला पाणी. पहिल्या कसोटीस हा काळ उतरतो. दुसरीस उतरतो की नाही हे कोणास कळू दिले नाही. तिसरीस तर तो साफ नापास आहे. ‘जैसे थे’ म्हणजे फेरविचार नव्हे. स्थगितीत निर्णय गोठतो, फेरविचारात तो वितळावा लागतो.

येथे दोन आक्षेप येतील. व्यवहारदक्ष मंडळी म्हणतील की, प्रत्येक योजनेचा असा फेरविचार करीत बसले तर ना धरण होईल ना नळ. राज्यकर्त्याने ठाम असावे. ठामपणाचे आम्हांसही अगत्य आहे. पण बारा वर्षे स्थगितीच्या आड बसणे यास ठामपणा म्हणावयाचे असेल, तर कोशातील त्या शब्दाचाही अर्थ बदलावा लागेल. तीन महिन्यांचा प्रामाणिक फेरविचार बारा वर्षांच्या मौनाहून स्वस्त पडतो, हे पवनेने व्यवहाराच्याच भाषेत दाखवून दिले आहे.

दुसरा आक्षेप भाषाशुद्धीच्या अभिमान्यांचा. त्यांच्या मते दोष परक्या शब्दाचा; ‘रीकन्सिडर’ हद्दपार करून शुद्ध ‘पुनर्विचार’ लिहावे म्हणजे झाले. आम्ही मराठीचे अभिमानी आहोत. परंतु हे निदान आम्हांस मान्य नाही. शब्द इंग्रजी असो, संस्कृत असो की देशी, त्यातून कर्तव्याचा अंश काढून घेतला की तिन्ही सारखेच पोकळ वाजतात. उलट ‘फेर’ या आमच्या घरच्या शब्दात फार मोठा पोच आहे. फेरमोजणीत मते खरोखर मोजली जातात. फेरतपासणीत उत्तरपत्रिका खरोखर उघडावी लागते. फेरविचारातच तेवढे काही उघडावे लागू नये, हा कोठला न्याय?

आणि शेतकऱ्याच्या ओळखीचा ‘फेर’ आणखी एक आहे. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना सहा म्हणून एक नोंदवही असते. तिचे नाव फेरफार. जमिनीचा धनी बदलला की त्या वहीत नोंद होते, त्या नोंदीला क्रमांक पडतो, तारीख पडते, हरकतीची मुदत मिळते, आणि अधिकाऱ्याची सही झाल्यावाचून ती पक्की होत नाही. जमीन जाते तेव्हा एवढा बारकावा पाळला जातो. ती वाचविण्यासाठी जो फेरविचार व्हावयाचा, त्याला मात्र क्रमांक नाही, तारीख नाही, मुदत नाही आणि सहीही नाही. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या नव्या भूसंपादन कायद्यात, पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकास अथवा भूमिपेढीस परत करावी, असे कलम १०१ सांगते. कायद्याने येथे निदान मुदत घातली आहे. मंत्र्यांच्या तोंडच्या शब्दाला ती का नसावी?

म्हणून आमची मागणी साधी आहे. यापुढे मावळात असो वा अन्यत्र, ‘फेरविचार करू’ असे जो म्हणेल त्याला तेथल्या तेथे चार प्रश्न विचारावेत. कोण करणार? केव्हापर्यंत? तोवर काम थांबणार काय? आणि निकाल कारणांसह आमच्या गावात येऊन वाचून दाखविणार काय? या चारांची उत्तरे मिळेपर्यंत त्या शब्दास टाळी देऊ नये, आणि वर्तमानपत्रांनीही त्यास मथळा देऊ नये. उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या शब्दाच्या जागी सरळ ‘कालहरण’ असे छापावे. तो शब्दही शुद्ध संस्कृत आहे.