सूट म्हणजे कमाई नव्हे!

लक्ष्मीपुरीत ८० रुपयांची भाजी घासाघीस करून ६० ला आणली, तर घरी आल्यावर कोणी म्हणत नाही की आज २० रुपये मिळवलेत, त्यावर कर भरा. घराच्या बाबतीत मात्र आपलं सरकार अगदी हेच म्हणतं.

रेडी रेकनरप्रमाणे फ्लॅटची किंमत ५० लाख होत असेल आणि बिल्डरनं तो तुम्हाला ४४ लाखांना दिला, तर मधले ६ लाख म्हणे तुमचं उत्पन्न! मुद्रांक शुल्क तर ५० लाखांवर आधीच घेतलेलं असतं. २०१३ च्या वित्त कायद्यानं हे तुमच्याआमच्या मागे लावलं. पुढे २०१८ साली ५ टक्के आणि २०२० साली १० टक्के फरक माफ झाला. पण माफीची गंमत बघा. फरक ४ लाख ४० हजारांच्या आत असेल तर काही नाही, आणि वर गेला की वरच्या रकमेवर नव्हे, अख्ख्या ६ लाखांवर कर! वर हेच ६ लाख बिल्डरच्या विक्रीतही धरतात ते वेगळंच. वर्गात कोणी असं गणित मांडलं असतं तर मी त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं.

समर्थन ठाऊक आहे. कागदावर कमी, उरलेले रोख. हा रोग खराच आहे. पण मग रोख दिल्याचं दाखवा ना! सगळे पैसे बँकेतून देणाऱ्यालाही तोच दंडुका का?

आणि भाव उतरायला प्रामाणिक कारणं असतात हो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेनं आपल्या शहराचं काय केलं ते आपण पाहिलंय. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा नागाळा पार्कात तळमजला घेणारा भाव पाडून मागणारच. भिंतीवरची पाण्याची खूण त्याला दिसते. रेडी रेकनरचा दर विभागाला लागतो, उंबऱ्याला नाही. हरकत घेऊन मूल्यांकन अधिकाऱ्याकडे जाता येतं, मान्य. पण हप्ते फेडणाऱ्यानं सीएची फी भरून हेलपाटे कधी घालायचे?

टाळेबंदीनंतर नवी घरं खपेनात, तेव्हा १२ नोव्हेंबर २०२० ते ३० जून २०२१ या काळात २ कोटींपर्यंतच्या नव्या घरांना हीच मर्यादा २० टक्के केली होती. म्हणजे बिल्डरचा माल पडून राहिला की बाजार पडल्याचं दिल्लीला बरोबर कळतं!

असो. कर लावायचाच तर माफीच्या वरच्या रकमेवरच लावा, आणि पूररेषेच्या आतल्या घरांचे दर वेगळे काढा. ती रेषा सरकारच्याच नकाशावर आखलेली आहे.