पोट फुगलेली म्हातारी कोंबडी
परसातील कोंबडी तीन-चार वर्षांची झाली आणि तिचे पोट फुगले, की ‘चरबी चढली’ म्हणून विषय मिटवला जातो. हे निदान बहुधा चुकते. छातीचे हाड बोटांना धारदार लागते, म्हणजे अंगावरचे मांस झडलेले असते. पोट मात्र पाणी भरलेल्या पिशवीसारखे लिबलिबीत, आणि पक्षी पाय फाकून उभा. अशी कोंबडी लठ्ठ नव्हे, आजारी असते.

मूळ पुष्कळदा अंडी देण्यातच असते. रानकोंबडी वर्षाला जेमतेम डझनभर अंडी देते. ग्रामप्रियासारख्या सुधारित जातीकडून दीडशेहून अधिक अपेक्षित असतात. बलक अंडनलिकेत न जाता उदरपोकळीत सांडला की दाह होतो. उतारवयात अंडाशयाचा कर्करोगही कोंबड्यांत आढळतो. यकृत किंवा हृदय थकले तरी पाणी साठते. मांसल कोंबड्यांचा कोवळ्या वयातील जलोदर मात्र निराळा.

सुईने पाणी काढल्यास श्वास मोकळा होतो, परंतु ते काम पशुवैद्यकाचे. घरी सुई खुपसल्यास आतड्याला इजा होऊ शकते. शिवाय पाणी बहुधा पुन्हा भरते. उरलेसुरले प्रतिजैविक सर्वांच्या पाण्यात मिसळणे त्याहून घातक, कारण त्याचा अंश निरोगी कोंबड्यांच्या अंड्यांतून घरातील मुलांच्या ताटात येतो.

विस्तार कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात लस आणि खाद्याच्या जोडीला पोट चाचपण्याचाही धडा हवा. धाप लागलेल्या पक्ष्याला आठवडेच्या आठवडे तसेच ठेवणे ही माया नव्हे. पशुवैद्यकाने वेदनारहित मरण सुचवले, तर ते घरच्या बाईला समजावून सांगणे हेही कार्यकर्त्याचेच काम आहे.