दहा रंगांची गंजिफा: नियम बदलत होते तोवर जगली, काचेत बसली आणि थांबली

१/ परंपरा बदलत नसते, असे ठासून सांगणाऱ्यांनी गंजिफेची पाने एकदा मोजून पाहावीत. एके काळी ती १४४ होती. मग ९६ झाली. महाराष्ट्रात १२० झाली, नवग्रहांच्या जोडात १०८ आणि म्हैसूरच्या राजवाड्यात तर ३६० पर्यंत गेली. यांतली ‘मूळ’ आणि ‘शुद्ध’ गंजिफा कोणती, याचे उत्तर शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी द्यावे. हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी आहे.

२/ निमित्त ताजे आहे. वडूजच्या बाजारपेठेपासून दादरच्या मॉलपर्यंत मुलांच्या हाती परदेशी खेळांची रंगीत पाने दिसतात. दर काही महिन्यांनी नवा संच येतो, नियम बदलतात, चित्रे बदलतात. त्यावर वडीलधाऱ्यांचा शेरा ठरलेला: ‘हा सगळा धंदा, आपले खेळ कसे, हजारो वर्षे जसेच्या तसे!’ या शेऱ्याचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. उत्तरार्ध साफ खोटा आहे.

३/ प्रथम पुरावा पाहू. गंजिफेचा हिंदुस्थानातील जुना आणि निःसंदिग्ध उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात आहे. १५२७ साली त्याने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफेची पाने धाडली, कारण शाह हसनला तो खेळ आवडत असे आणि त्याने तो मागितला होता. म्हणजे शब्द फारसी वळणाचा आणि खेळ दरबारी. ‘वेदकालीन गंजिफा’ असे लिहिणाऱ्या भित्तिपत्रकांनी एवढी नोंद तरी ध्यानी घ्यावी.

४/ पुढचा साक्षीदार अबुल फजल. ‘आईन-इ-अकबरी’त तो आधी जुना खेळ सांगतो: बारा राजे, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १४४. घोड्यांचा राजा अश्वपती, हत्तींचा गजपती, पायदळाचा नरपती, किल्ल्यांचा गढपती, नौकांचा नौपती, सर्पांचा अहिपती इत्यादी. गजपतीची तुलना तो ओरिसाच्या राजाशी करतो आणि नरपतीची विजापूरच्या सत्ताधीशाशी. आजच्या सातारा जिल्ह्याचा बराचसा मुलूख तेव्हा त्याच विजापूरकरांच्या अमलाखाली होता.

५/ आणि लगेच अबुल फजल लिहितो की बादशहाने या पानांत फेरबदल केले. अकबराच्या नव्या आठ रंगांत धन, बरात, कापड, चंग, रुपे, तलवार, मुकुट आणि गुलाम आले. अंकांच्या पानांवर सराफ, टाकसाळीतले कामगार, लेखनिक, कारागीर अशी माणसे चितारली गेली. आजच्या भाषेत याला ‘नवा संच, नवी रचना, नवे नियम’ म्हणतात. सोळाव्या शतकात त्याची सरकारी दप्तरात नोंद झाली.

६/ आठ रंग गुणिले बारा, म्हणजे ९६ पाने. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा. हा खेळ दख्खनमध्येही रुजला आणि येथील चिताऱ्यांनी त्यात घातलेला हात फार धाडसी होता. त्यांनी बादशाही रंगच काढून टाकले. मुकुट, तलवार, गुलाम गेले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की आले. आठाचे दहा रंग झाले, ९६ ची १२० पाने झाली. दशावतारी गंजिफा ती हीच.

७/ येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. ही केवळ चित्रांची अदलाबदल नव्हती. दोन रंग वाढले की खेळाचे सगळे गणित हलते. तिघे खेळत असतील तर प्रत्येकाच्या हाती ३२ ऐवजी ४० पाने येतात. लक्षात ठेवायच्या पानांत २४ ची भर पडते. कोणती पाने उतरली, कोणती कोणाकडे उरली, यावरच सारा खेळ चालतो. कारण गंजिफेत हुकमाचा रंग नसतो. स्मरणशक्ती हेच खेळाडूचे शस्त्र.

८/ मात्र ज्यांनी रंग बदलले त्यांनी सांगाडा जपला, हे विशेष. मोगली गंजिफेत दिवसा सोन्याच्या नाण्यांचा रंग प्रमुख आणि रात्री रुप्याच्या. सूर्य आणि चंद्र यांचा तो संकेत. दशावतारीत दिवसा राम आणि रात्री कृष्ण. सूर्यवंशी राम दिवसाचा, मध्यरात्री जन्मलेला कृष्ण रात्रीचा. नियम तोच, अर्थ मराठी घराला ओळखीचा. रूपांतर करावे तर असे!

९/ दुसरा जपलेला नियम याहून कठीण. निम्म्या रंगांत राजा-वजिराखालोखाल दहा मोठा आणि एक लहान. उरलेल्या निम्म्यांत नेमके उलटे, एक मोठा आणि दहा लहान. नवख्याला हा जाच वाटतो. पण या उलटापालटीमुळेच हाती आलेल्या पानाकडे पाहून चालत नाही. रंग कोणता, हे आधी पाहावे लागते. रंगांची नावे बदलणाऱ्यांनी ही मेख काढली नाही. खेळाचा प्राण कोठे आहे, हे त्यांना कळत होते.

१०/ मग प्रांतोप्रांतीचे फेरफार. नववा अवतार पाहा. ओडिशाच्या दशावतारात बुद्धाच्या जागी जगन्नाथ येतो. महाराष्ट्रातील दशावतार-चित्रांत त्या जागी अनेकदा कटीवर कर ठेवलेला विठ्ठल उभा असतो. ज्याचे दैवत त्याचे पान. यास कोणी पाखंड म्हटले नाही. दशावतारी पाने खेळताना तोंडी देवाचे नाव येते, हेच उलट खेळाचे समर्थन ठरले.

११/ म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियार यांनी एकोणिसाव्या शतकात याच मुळावर तेरा नवे खेळ रचले, काही ३६० पानांपर्यंतचे. ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथात त्यांचे वर्णन आहे. कल्पकतेत त्यांना तोड नाही. पण राजवाड्याबाहेर ते फारसे रुजले नाहीत. बोध स्पष्ट आहे: बदल करणारा राजा असो वा कंपनी, तो टिकतो खेळणाऱ्यांच्या हातांत. त्यांनी उचलला तर नियम, नाही तर नोंद.

१२/ आता आजच्या पानांकडे. रिचर्ड गारफील्ड यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ १९९३ साली आला. त्याच वर्षीच्या पहिल्या पुरवणी संचाच्या पानांची पाठ वेगळी ठेवण्याचे घाटत होते. तसे झाले असते तर जुनी-नवी पाने एका गड्डीत मिसळताच आली नसती. पाठीवरून पान ओळखू आले असते. अखेरच्या टप्प्यावर तो बेत रद्द झाला. सांगाडा जपून रंग वाढवण्याचा हा गंजिफेचाच धडा.

१३/ पण पुढे वाट फुटली. १९९५ पासून त्या खेळाच्या एका प्रमुख स्पर्धाप्रकारात केवळ अलीकडचे संच चालू लागले. जुने पान घरी खेळा, स्पर्धेत नाही. १९९९ साली नियमांची मोठी फेररचना झाली. २००९ मध्ये लढतीचा नियम बदलला, २०२४ मध्ये पुन्हा. २०२५ पासून त्या स्पर्धाप्रकारात इतर व्हिडिओ गेम्स व कॉमिक्समधली पात्रेही अधिकृतपणे उतरली. प्रत्येक वेळी जगभर वाद पेटला.

१४/ वडीलधाऱ्यांचा राग येथे योग्य ठिकाणी लागतो, पण चुकीच्या कारणासाठी. नियम बदलले हा दोष नव्हे. बदलाचा अधिकार एकाच दुकानदाराच्या हाती आहे आणि नव्या नियमाबरोबर जुनी खरेदी निरुपयोगी होते, हा दोष. दशावतारी जोड घरात आला म्हणून मोगली जोड कोणी बाद ठरवला नव्हता. दोन्ही नांदत होते.

१५/ आता आणखी एका लाडक्या समजुतीचा समाचार. ‘इंग्रजांनी गंजिफा मारली.’ ती मारायला कोणी फौज धाडली नव्हती. यंत्रावर छापलेली स्वस्त ५२ पाने आली. हाताने रंगवून लाखेचे लेपन केलेल्या १२० गोल पानांपुढे ती किमतीने आणि सोयीने सरस ठरली. गिऱ्हाईक तिकडे वळले. गिऱ्हाईक मराठीच होते.

१६/ आणि त्या परक्या पानांचे मराठी माणसाने काय केले? बदाम सात केला, मेंढीकोट केला, पाच-तीन-दोन, झब्बू, लॅडीज केले. चौकट, किलवर, इस्पिक ही नावे घरची झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन मावसभावंडे पाने पिसायला बसली की पहिला प्रश्न ‘तुमच्याकडे हुकूम कसा काढतात?’ हाच असतो. दर घराचा नियम निराळा, तरी खेळ एकच. जिवंत परंपरा म्हणतात ती हीच, आणि ती विलायती पानांवर बहरली.

१७/ सातारकरांना तर हे वेगळे सांगण्याचे कारणच नसावे. हुतूतूचे संजीवनी, गामिनी, अमर असे प्रकार महाराष्ट्रात खेळले जात. संजीवनीत बाद गडी पुन्हा जिवंत होतो; गामिनीत सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो; अमरमध्ये बाद होऊनही मैदान सोडत नाही. १९१८ च्या सुमारास नियम ठरू लागले, १९२३ साली बडोद्याहून छापून आले. आजच्या कबड्डीने संजीवनी उचलली. प्रो कबड्डीने २०१४ नंतर ‘करो वा मरो’ची चढाई रुजवली. ‘परंपरा बुडाली’ म्हणून मैदानावर कोणी काळे झेंडे आणले नाहीत.

१८/ याहून जवळचा दाखला खटाव तालुक्यातच आहे. वडूजच्या शेजारचे औंध. तेथील संस्थानिक भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार. नमस्कार घालण्याची चाल जुनीच. पण त्यांनी तिला दहा स्थितींचा ठरीव क्रम दिला, पुस्तके काढली, शाळांत सक्तीचे केले. आज बहुतेक ठिकाणी बारा स्थितींचे नमस्कार घालतात. म्हणजे त्यांचाही नियम पुढे बदलला. आणि म्हणूनच सूर्यनमस्कार जगभर गेला.

१९/ याच भवानरावांनी औंधला संग्रहालय उभारले, हेही खरे. दोन्ही कामे एकाच माणसाची, पण त्यांतला भेद त्याला ठाऊक होता. जे पाहायचे ते त्याने दालनात मांडले. जे करायचे ते मुलांच्या अंगवळणी पाडले. सूर्यनमस्कार काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. गंजिफेचे मात्र नेमके तेच झाले.

२०/ सावंतवाडीचे ऋण येथे मान्य केलेच पाहिजे. चितारी घराण्यांची कला लयास जात असता शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकापासून राजवाड्यात ती पुन्हा उभी केली. ते झाले नसते तर आज दाखवायलाही पान उरले नसते. अलीकडे तिला भौगोलिक मानांकनही लाभले. कला वाचली, हे निर्विवाद.

२१/ पण खेळ? काही हजार रुपये मोजून जोड घेणाऱ्यांपैकी किती जण तो पिसतात? मत्स्याचे पान चौकटीत जाते, कल्कीचे भेटवस्तू होते. रामाचा राजा कोणी उतरायचा, एक्का कोणत्या रंगात मोठा, हे विचारले की दिवाणखाना गप्प होतो. ज्या पानांना उतारी ठाऊक नाही, ती पाने नव्हेत. ती चित्रे आहेत.

२२/ यावर आक्षेप येईल: स्वस्त छापील जोड काढला तर कारागिराच्या पोटावर पाय येईल. आक्षेप प्रामाणिक आहे, पण बुद्धिबळाकडे पाहावे. प्लास्टिकच्या सोंगट्या घरोघर आहेत, म्हणूनच कोरीव लाकडी पटाला रसिक गिऱ्हाईक मिळते. खेळणाराच एके दिवशी उत्तम जोड विकत घेतो. ज्याला खेळ माहीत नाही, तो फार तर एक पान घेतो, तेही भिंतीसाठी.

२३/ दुसरा आक्षेप: १२० पाने, उलटे क्रम, आजच्या मुलांना झेपेल काय? हीच मुले परदेशी खेळातील शेकडो पानांचे गुणधर्म तोंडपाठ म्हणतात. त्यांची स्मरणशक्ती कमी नाही. त्यांच्या हाती मराठीत छापलेला नियमांचा एक साधा कागद नाही. आणि १२० जड वाटत असतील तर पाच रंगांचा ६० पानांचा लहान जोड काढावा. अकबराने बाराचे आठ केले, दख्खनने आठाचे दहा केले. विसाव्या-एकविसाव्या शतकानेच हात बांधून का बसावे?

२४/ तेव्हा मागणी एवढीच. स्वस्त छापील जोड, सोबत मराठी नियमपत्रिका, शाळांच्या क्रीडासप्ताहात एक तास आणि तालुक्याच्या ठिकाणी वर्षाकाठी एक स्पर्धा. वडूजपासून सुरुवात झाली तरी चालेल. मुले नियम मोडतील, नवे करतील, त्यावर भांडतील. भांडू द्यावीत. नियमावरून भांडण होते, याचा अर्थ खेळ चालू आहे.

लेखनसीमा.