सोबत कुणाची? आधी अम्मीला विचारा!

अब्बांच्या इंतकालानंतर अम्मी कोंढव्याच्या घरात एकटीच राहते. आम्ही भावंडे पुण्यातच, पण कुणी हडपसरला, कुणी पिंपरीला. फजरनंतर जानमाज गुंडाळली की जोहरपर्यंत तिच्याशी दोन शब्द बोलायला कुणी नसते. म्हणून आम्ही ठरवले, अम्मीच्या सोबतीला एखादा पाळीव प्राणी आणावा. सगळ्यांची मते घेऊन झाली. विचारायची राहिली ती फक्त अम्मी!

पहिले नाव निघाले पोपटाचे. पण आपल्याकडचा हिरवा पोपट घरात पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. अंगावर चांदण्या असलेल्या कासवाचेही तेच. मासे शांत, पण टाकीचे पाणी बदलायला बादली कोण उचलणार? कुत्र्याचा विषय आमच्या नमाजी घरात पुढे सरकलाच नाही. उरली मांजर.

शंका एकच होती, तिने वुजूच्या पाण्याला तोंड लावले तर? उत्तर हदीसमध्येच सापडले. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी त्यांच्या सुनेने वुजूचे पाणी काढून ठेवले होते. तेवढ्यात मांजर आली. त्यांनी भांडे कलते धरून तिला पोटभर पिऊ दिले. सून चकित होऊन बघत राहिली, तेव्हा मांजर नापाक नाही, ती तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे त्यांनी तिला ऐकवले. अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे.

आम्ही खुशीत अम्मीकडे गेलो. ती म्हणाली, “पिल्लू नको. पायात येईल, मी पडेन. आणि मांजर बारा-पंधरा वर्षे जगते. माझ्यामागे तिला कोण बघणार?”

आम्ही गप्प झालो. मांजरीला बांधून ठेवून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीस लहानपणी आम्हाला तिनेच सांगितली होती. अखेर धाकट्या बहिणीने शब्द दिला, “पुढे मी सांभाळीन.” मगच अम्मीने होकार दिला.

आता घरात चार-पाच वर्षांची, नसबंदी झालेली, शांत मांजर आहे. पिल्लासारखी ती दिवसभर उड्या मारत नाही. पायात आली तर कळावे म्हणून तिच्या गळ्यात घुंगरू बांधले. अम्मीला वाकावे लागू नये म्हणून रेतीचा ट्रे ठेंगण्या स्टुलावर ठेवला. तो साफ करायला कामवाली मावशी आहे. खिडक्यांना जाळी लावली. रेबीजची लस टोचून घेतली. पुणे महापालिकेत कुत्र्याप्रमाणे मांजरीचाही परवाना काढावा लागतो, तोही काढला. अम्मीला रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. त्यामुळे मांजरीने ओरखडले किंवा चावले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे, असे ठरले आहे. खर्च आम्ही वाटून घेतला.

मांजर आणली त्या दिवशी तिला मांडीवर घेत अम्मी म्हणाली, “ही आली म्हणून तुमचे येणे कमी करू नका.”

खरे सांगायचे तर, आमच्या मनात थोडे तसेच होते. म्हणून आता वार ठरवून घेतले आहेत. रविवार थोरल्याचा, बुधवार बहिणीचा, शुक्रवार आमचा. मांजर अम्मीच्या सोबतीला आहे, आमच्या बदली नाही.